संगणकातला संगम

मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर भेटतात, एकरूप होतात आणि पुढे वाहत खराडीला येतात. तेथे काठावर उभे राहून यातले मुळेचे पाणी कोणते आणि मुठेचे कोणते, हे कोणालाच सांगता येणार नाही. तसाच एक संगम हल्ली खराडीच्या उंच इमारतींत, एका दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात होत असतो. फरक इतकाच की, तो पाण्याचा नसून आवाजांचा आहे.

हे बिऱ्हाड माझ्या भाच्याचे. दिवसा तो संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि रात्री संगीत जुळवितो. माझी आई, म्हणजे त्याची आजी, हिच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून त्यांना हलक्या तालाची साथ द्यायची, असे त्याने यंदा मनावर घेतले. आईचे वय ८२. हे काम ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणण्याजोगे नव्हे, हे आम्ही दोघेही न बोलता जाणून होतो.

वाचक म्हणतील, ओव्या संगणकात, तालही संगणकात. मग अडले कुठे? मीही तेच विचारले. भाचा म्हणाला, “मामा, आवाज मुद्रित करणारा प्रोग्रॅम वेगळा आणि ताल वाजविणारा वेगळा. दोघे एकाच घरात राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.”

विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोनसाठी गाणारा आणि साथीदार एकाच कर्ण्यासमोर दाटीने बसत. त्यांचे आवाज हवेतच मिसळत. संगणकाच्या पोटात हवा नाही. तेथे आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. ही रांग प्रत्येक प्रोग्रॅम सरळ स्पीकरकडे धाडतो, शेजाऱ्याकडे नाही. यावर तोड म्हणून आभासी तारा निघाल्या. विंडोजवर व्हीबी-केबल, मॅकवर ब्लॅकहोल, ही त्यांतली काही नावे. पहिल्या प्रोग्रॅमला सांगायचे, “हा तुझा स्पीकर”. दुसऱ्याला सांगायचे, “हा तुझा माइक”. दोघांचाही विश्वास बसतो आणि आवाज इकडून तिकडे वाहू लागतो. लग्न जुळविणारे मध्यस्थ तरी याहून वेगळे काय करतात? लिनक्ससाठी पॉल डेव्हिस यांनी रचलेल्या ‘जॅक’मध्ये तर टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे कोणाचीही तार कोणालाही जोडता येते.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. तारेतून आलेला आवाज पुन्हा त्याच तारेत सोडू नये. नाहीतर गणपतीच्या मांडवात कर्ण्यासमोर माइक धरल्यावर होते तशी किंकाळी उठते. दुसरे पथ्य विलंबाचे. संगणक आकडे एकेक करून पाठवीत नाही. ओंजळ भरली की पाठवितो. सेकंदाला ४८,००० च्या गतीने २५६ आकड्यांची ओंजळ भरायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात, १,०२४ आकड्यांची भरायला २१. येताना एक ओंजळ, जाताना एक, तारेची आणखी वेगळी. असा विलंब साचत जातो.

आईने कानाला हेडफोन लावून पहिली ओवी सुरू केली आणि ती मध्येच थांबली. “माझ्या मागून कोण म्हणतंय रे?” स्वतःचाच आवाज तिला मागाहून ऐकू येत होता! भाच्याने ओंजळ लहान केली, तेव्हा कोठे ओवी पुढे सरकली. ओंजळ फारच लहान केली, तर संगणकाची धांदल उडून आवाजात तडतड येते. तेव्हा मध्यम मार्गच बरा.

पण खरी काळजी याच्या पुढची. १९९८ साली स्वीडनच्या प्रॉपेलरहेड आणि जर्मनीच्या स्टाइनबर्ग या कंपन्यांची ‘रीवायर’ नावाची जोडणी आली. तिच्यामुळे दोन प्रोग्रॅम एकाच तालात चालत. एक थांबला की दुसराही थांबे. अनेकांनी तिच्या भरवशावर संगीत रचले. २०२० च्या अखेरीस ती बंद झाली. ज्यांची गाणी त्या जोडणीवर उभी होती, त्यांना ती नव्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी उघडणे कठीण झाले. त्यात दोष कोणाचा नाही. गाणे आजीकडून नातवाकडे जाते. यंत्राच्या जोडण्या तेवढ्या टिकत नाहीत.

म्हणून मी भाच्याला एकच अट घातली. जोडणी हवी तशी कर. पण आजीचा आवाज साथीविना, काहीही न बदलता, वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये ठेव. तालाचीही तशीच स्वतंत्र फाइल कर आणि दोन्हींच्या प्रती दोन ठिकाणी सांभाळ. साधी वेव्ह फाइल जवळजवळ कोणताही प्रोग्रॅम उघडतो. पोथीवर टीका कितीही लिहाव्यात, मूळ संहिता मात्र निराळी राखावी, हे मी वर्गात नेहमीच सांगत आलो आहे. ते येथेही लागू पडले.

दिवाळीला घरोघरी वडीलधारी मंडळी जमतील. कोणाच्या ओठी ओव्या असतील, कोणाच्या भूपाळ्या, कोणाचे पाळणे. फराळ आटोपल्यावर घरातला पंखा बंद करून, फोनवर का होईना, ते आवाज टिपून ठेवावेत. तबला, पेटी, तारा, जोडण्या यांची सोय नातवंडे पुढे सवडीने करतील. आवाज मात्र याच दिवाळीत घ्यायला हवा.