पिकलं लिमरिकात, विकलं अमेरिकेत

'पिकतं तिथे विकत नाही' ही म्हण आपण आंब्या-फणसाबद्दल वापरतो. आयर्लंडमध्ये ती गाण्यालाही लागू पडली, त्याची ही गोष्ट.

लिमरिकमध्ये १९८९ साली नोएल आणि माइक होगन हे भाऊ आणि त्यांचा मित्र फर्गल लॉलर यांनी एक बँड काढला. पहिला गायक वर्षभरातच सोडून गेला. त्याच्या जागी १९९० मध्ये आली डोलोरेस ओ'रिअर्डन. जवळच्याच बॅलीब्रिकनची, सात भावंडांतलं शेंडेफळ, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. नोएलच्या एका चालीची कॅसेट तिने घरी नेली आणि आठवड्याभरात शब्द लिहून हजर! तेच पुढचं 'लिंगर'. हाच बँड पुढे 'द क्रॅनबेरीज' म्हणून गाजला.

त्यांच्या एका कॅसेटच्या ३०० प्रती गावातल्या दुकानांतच खपल्या. मग लंडनच्या कंपन्या मागे लागल्या आणि आयलंड रेकॉर्ड्सशी करार झाला. पण १९९१ मधल्या 'अनसर्टन' या चार गाण्यांच्या रेकॉर्डवर समीक्षकांनी टीका केली, मॅनेजरशीही बिनसलं. नवे मॅनेजर जेफ ट्रॅव्हिस आले. 'द स्मिथ्स'बरोबर काम केलेले स्टीफन स्ट्रीट यांनी डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रण केलं.

त्यातून सप्टेंबर १९९२ मध्ये बाहेर आलं बँडचं पहिलं सिंगल, 'ड्रीम्स'. ब्रिटनच्या यादीत त्याचा पत्ताच नाही! पुढच्या फेब्रुवारीत 'लिंगर' आलं, ते ७४व्या क्रमांकावर थबकलं. मार्च १९९३ मध्ये आल्बम निघाला. त्याचं नाव होतं 'एव्हरीबडी एल्स इज डुइंग इट, सो व्हाय कान्ट वी?' म्हणजे 'बाकी सगळे करताहेत, मग आपण का नाही?' तोही थंडच.

मग मंडळी 'स्वेड' या इंग्लिश बँडच्या आधी गाणारे पाहुणे म्हणून अमेरिकेत गेली. तिथे एमटीव्हीने 'लिंगर' उचललं आणि गाणं बिलबोर्डच्या यादीत ८व्या क्रमांकावर पोचलं. तेव्हा कुठे ब्रिटनला जाग आली! १९९४ मध्ये 'लिंगर' पुन्हा काढलं, ते १४वं आलं. 'ड्रीम्स' पुन्हा काढलं, ते २७वं. जूनमध्ये आल्बम चक्क पहिल्या क्रमांकावर, प्रकाशनानंतर सव्वा वर्षाने!

मी पडलो इंजिनिअर. माल परत आला की आधी डिझाइन तपासायचं, ही आमची सवय. इथे डिझाइनमध्ये काहीच बदल नव्हता. तीच गाणी, तोच आवाज, तेच डोलोरेसचे अस्सल लिमरिकी उच्चार. फक्त ऐकणारे कान बदलले. पहिल्या अपयशानंतर कोणी तिला 'जरा लंडनसारखं गा' म्हणून सांगितलं असतं आणि तिने ते ऐकलं असतं, तर अमेरिकेने ऐकायचं काय?

हे सांगायचं कारण आपल्या घरात आहे. आपली मुलं तबला, गिटार, नाटक, काहीबाही करून बघतात. पहिला कार्यक्रम पडला की आपण लगेच म्हणतो, "बास झालं, आता अभ्यासाला लाग." परदेशात स्वतः दहा ठिकाणी नकार पचवून नोकरी मिळवणारे आपण, मुलांना मात्र एकच संधी देतो!

डोलोरेस २०१८ च्या जानेवारीत, ४६व्या वर्षी गेली. त्याच वर्षी 'डेरी गर्ल्स' या मालिकेतून 'ड्रीम्स' नव्या पिढीच्या कानांवर पडलं. घरात पोरं असतील तर विचारून पाहा, त्यांना ते पाठ असेल.