दारूचा भाव आणि कवीची साक्ष

सोंग वंशातल्या सम्राट झेनझोंगने एकदा मेजवानीत विचारलं, तांग काळात दारूचा भाव काय होता? मंत्री डिंग वेईने लगेच सांगितलं, एका दोउ मापाला ३०० नाणी. आणि पुरावा म्हणून तांग कवी दू फूची ओळ म्हणून दाखवली. सम्राट खूश झाला. आठव्या शतकातल्या दू फूला चीनमध्ये इतिहासकाराचाच मान आहे. तांग सत्तेविरुद्ध झालेल्या आन लुशानच्या बंडात (७५५ ते ७६३) सक्तीने सैन्यात ओढून नेलेल्या माणसांबद्दल त्याने जे लिहिलं, ते वाचल्यावर तो मान पटतो.

पण दारूचं काय? त्याच काळातला कवी त्स्वेइ ग्वोफू भाव सांगतो १०,०००! सतराव्या शतकातल्या वांग फूझी या विचारवंताने विचारलं, मग दू फूच्या गुत्त्यातून घेऊन त्स्वेइला विकली तर तीसपट नफा नाही का? दहा हजारांचा आकडा मुळात तिसऱ्या शतकातल्या त्साओ झीच्या कवितेतला. उंची दारूचं वर्णन आलं की पुढचे कवी तोच वापरत. इतिहास शिकवताना हा किस्सा मी आवर्जून सांगते. आकडा बाजारातून आला की जुन्या कवितेतून, हे ओळखायला इतिहासकाराने आधी कविता भरपूर वाचलेली असावी लागते.

चेन यिनके (१८९० ते १९६९) यांनी ती वाचली होती. हार्वर्डला संस्कृत आणि पाली शिकलेले हे इतिहासकार. तांग कवी बाय ज्यूयीच्या प्रसिद्ध काव्यात तांग सम्राट श्वानझोंग आणि त्याची लाडकी यांग ग्वेइफेइ सातव्या महिन्यातल्या रात्री, उष्ण झऱ्यांच्या राजवाड्यात, प्रेमाच्या आणाभाका घेतात. चेन यांनी दाखवून दिलं, की सम्राट तिथे थंडीच्या दिवसांत जाई; शिवाय काव्यातलं आणाभाकांचं दालन देवकार्याचं होतं. माझ्या लेखी काव्य याने उणावत नाही. लोकांनी ती प्रेमकथा कशी घडवली, हे त्यातून कळतं.

पुढे चेन यांची दृष्टी गेली. तरीही ग्वांगझोऊमध्ये सहायिकेला मजकूर सांगत त्यांनी सतराव्या शतकातली गणिका-कवयित्री ल्यू रूशी हिचं प्रचंड चरित्र १९६४मध्ये पुरं केलं. तिचा नवरा च्येन च्येनयी १६४५मध्ये मिंग सत्ता उलथवणाऱ्या मांचूंना शरण गेला, म्हणून दोन्ही बाजूंनी बदनाम झाला. पुढे त्याच्या पुस्तकांवर बंदीही आली. मिंग सत्ता परत यावी म्हणून या दोघांनी गुपचूप केलेली धडपड चेन यांनी त्या दोघांच्याच कवितांतल्या आडून दिलेल्या संदर्भांतून उलगडली. उघडपणे लिहिण्याची सोयच नव्हती. कवितेत ते लपवता आलं.