राबाचा हिशेब

होळी पेटून गेली की जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या उतारांवर संध्याकाळी धुराच्या बारीक रेघा दिसू लागतात. नवखा मनुष्य त्यास वणवा समजतो. वस्तुतः तो वणवा नसून राब भाजण्याचे काम चाललेले असते. हिवाळ्यात ऐन, किंजळ यांसारख्या झाडांचा टाहळ कोयत्याने उतरवून वाळत घातलेला असतो. आवणाच्या जागी खाली शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा, त्यावर टाहळ, त्यावर गवत व पातेरा आणि सर्वांवर मातीचा पातळ थर देतात. आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावतात, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत पुढे सरकते. पुढे मृगाच्या तोंडावर त्याच जागी भाताचे किंवा नागलीचे बी पडते व रोपे जोमाने वर येतात. एक एकर लावणीसाठी सुमारे चार गुंठे आवण लागते. या चार गुंठ्यांसाठी डोंगराकडून आपण काय काढून आणतो, याचा हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथमच सांगितले पाहिजे की, राब हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकी खात्यालाही हा प्रश्न पडला होता. पुणे येथील शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातील राब पद्धतीचा रीतसर अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला. राखेखेरीज जमीन तापण्याचाही राबाच्या गुणात मोठा वाटा असल्याचे त्यांच्या तपासणीत दिसून आले. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन या शास्त्रज्ञांनी तापविलेल्या मातीत अमोनियारूपी नत्र वाढते, असे दाखविले होते. म्हणजे आमच्या वारली, कोकणा, महादेव कोळी व ठाकूर शेतकऱ्यांच्या हाताला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याचेच कारण प्रयोगशाळा शोधीत होती.

ते कारण समजून घेणे कठीण नाही. धुमसत्या आगीने वरच्या दोन-तीन बोटे मातीतील तणांचे बी मरते, काही रोगजंतू व किडी मरतात, आणि मातीतील सेंद्रिय पदार्थात अडकून पडलेले नत्र थोडेसे सुटे होऊन रोपाला लगेच मिळते. टाहळातील पालाश, चुना व स्फुरद राखेत उतरतात. आपली जमीन आम्लधर्मी, तांबूस व हलकी असल्यामुळे राखेने तिची आम्लताही काही काळ कमी होते. परंतु पाल्यात जे नत्र होते, त्यातील बहुतेक भाग धुराबरोबर हवेत जातो. गंधकाचाही बराच अंश जातो. पाल्यातील कर्बाची तीच गत. जंगलात तो पाला झाडाखालीच कुजला असता, तर त्यातील काही भाग काळ्या मातीच्या रूपाने उतारावर राहिला असता. राबात आपण उताराचा पाला खाचराला देतो, त्यातील निम्मे मोल हवेला देतो, आणि उताराला परत काहीच देत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हवामान बदलाचा विषय निघाला की कोणीतरी राबाच्या धुराकडे बोट दाखवितो. हे न्यायाचे नाही. जो टाहळ पुढील वर्षी पुन्हा फुटतो, त्याचा कर्ब तो हवेतूनच परत घेतो. शहरांतील कोळशाचा व मोटारींचा हिशेब मोखाड्याच्या माणसाच्या माथी मारणे हे शास्त्र नव्हे. राबाविषयी आमची तक्रार आकाशाच्या वतीने नसून जमिनीच्या वतीने आहे.

ही जमीन म्हणजे वरकस. महसुलाच्या जुन्या दप्तरात हा शब्द भाताच्या खाचराला राब पुरविणाऱ्या व नागली-वरई पिकविणाऱ्या उताराच्या जमिनीसाठी येतो. जुनी रीत अशी होती की, उताराचा एखादा तुकडा फोडला की पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी घ्यावी आणि मग तो तुकडा काही वर्षे गवताला व झुडपांना सोडून द्यावा. क्रम विचारपूर्वक ठरविलेला आहे. नागली कस मागते, वरई कमी कसावर भागविते, आणि खुरासणी जेथे दुसरे काही येणार नाही तेथेही पदरात काहीतरी टाकते. त्यानंतरची विश्रांती हे त्या जमिनीचे खत. झुडपांची मुळे खालच्या मुरमातून जे वर आणीत, ते पाल्यावाटे मातीच्या वरच्या थरात जमा होई. आता माणसे वाढली, जमीन तेवढीच राहिली, आणि विश्रांतीची वर्षे आटत गेली. अनेक पाड्यांवर तर ती उरलेलीच नाहीत. उतार दरवर्षी पिकतो आणि त्याच्याच कडेची झाडे दरवर्षी छाटली जातात. दरवर्षी शेंड्यापर्यंत छाटलेल्या ऐनाला बी धरत नाही, त्याची सावली पडत नाही, आणि ज्येष्ठाचा पहिला पाऊस त्याच्या खालच्या उघड्या मातीवर सरळ आदळतो.

जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. अशा पावसात एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा, म्हणजे नागलीच्या एका दाण्याहूनही पातळ, थर वाहून गेला तर ती माती सुमारे पाच टन भरते. ज्या मातीत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या आसपास आहे, तिच्या पाच टनांत साधारण पाच किलो नत्र असते. तेवढे नत्र दुकानातून आणावयाचे तर अकरा किलो युरिया लागेल. शिवाय युरियात फक्त नत्र आहे. मातीबरोबर गेलेला चुना, स्फुरद आणि ओल धरण्याची शक्ती त्या गोणीत येत नाही. ही माती पिंजाळ, वाघ व वैतरणा या नद्यांच्या पाण्यातून खाली जाते. वैतरणेचे पाणी मुंबईला पुरते आणि त्याच खोऱ्यातील पाड्यांवर वैशाखात बायकांना हंडाभर पाण्यासाठी झऱ्याशी ताटकळावे लागते, हे येथे वेगळे सांगावयास नको. उताराची माती गेली की पाणी मुरविणारी गादीच जाते, हा त्यातील आपल्या हातचा भाग.

पावसाची चालही बदलली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरात-महाराष्ट्रापासून पूर्वेकडे पसरलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे त्यात आढळले. राबाला याचा थेट उपद्रव होतो. राख हलकी असते. तिच्यातील पालाश पाण्यात विरघळतो. पहिलाच पाऊस रोप मूळ धरण्यापूर्वी धो-धो पडला, तर वर्षभराची मोळी एका रात्रीत ओहोळाला मिळते. उलट धूळवाफेवर पेरलेले बी एका सरीने उगवून मग दहा-बारा दिवसांच्या उघडिपीत करपते, असेही होते. यासाठी सर्व बी एकाच दिवशी न टाकता तिसरा हिस्सा मागे राखावा व आठवड्याने वेगळ्या वाफ्यात पेरावा.

या प्रश्नाकडे केवळ मातीचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात ते नावापुरते असते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ च्या सुमारास झालेल्या बालमृत्यूंनी साऱ्या राज्याचे लक्ष या भागाकडे वेधले होते. त्याची कारणे अनेक होती व त्यांतील पुष्कळशी शेतीच्या बाहेरची होती. परंतु ज्या घरच्या उतारावर नागली कमी पिकू लागते, त्या घरच्या मुलाच्या ताटातील भाकरीही लहान होते, एवढे तर खरेच.

आता उपायांकडे वळू. येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मोखाड्याच्या एका पाड्यावर मी मोठ्या उत्साहाने बिनराबाचा वाफा घालून दाखविला. शेणखत म्हणून जे मिळाले ते अर्धवट कुजलेले होते, आणि त्यात तणांचे बी भरपूर होते. आषाढ लागण्यापूर्वीच वाफ्यात रोप कोणते व तण कोणते हे ओळखेनासे झाले. ज्यांची जागा होती ते म्हातारे बाबा काही वेळ उभे राहून म्हणाले, “साहेब, आग नाही लावली तर तणाला सांगायचं कोणी?” त्यांचा प्रश्न बिनतोड होता. आगीचे काम दुसऱ्या कशाने तरी केल्याशिवाय आग बंद करा असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पुस्तकात यावर एक उपाय आहे. उन्हाळ्यात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चार आठवडे ताणून ठेवला की माती इतकी तापते की बरेचसे तण मरते. झऱ्याजवळच्या आवणास हा उपाय जरूर करावा. परंतु जेथे प्यावयास पाणी नाही, तेथे वाफा भिजवा म्हणणे ही थट्टा होय. तेथे वळिवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरीने तण उगवू द्यावे, कुळवून वा हाताने उपटून काढावे, आणि मग बी टाकावे. यात चार-सहा दिवस मागे पडतात. ते पडू द्यावेत. आवण सपाट न ठेवता एक मीटर रुंदीचे व वीतभराहून थोड्या कमी उंचीचे गादीवाफे करावेत, म्हणजे पाण्याचा निचरा होऊन रोप पिवळे पडत नाही.

राखेची उणीव भरून काढण्याचा मार्ग डॉ. नारायण सावंत यांनी घालून दिलेल्या चारसूत्री भात लागवडीत सापडतो. भातगिरणीवर तुसाचे ढीग पडलेले असतात. ते तूस ढीग करून धुमसत जाळावे. राख पांढरी होऊ न देता काळी असतानाच पाणी शिंपडून विझवावी. अशी काळी राख वाफ्याच्या प्रत्येक चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळावी. तुसात सिलिका भरपूर असल्याने रोप ताठ होते व किडीला सहजी बळी पडत नाही. येथेही आग आहेच, पण ती डोंगराच्या टाहळाची नाही. खाचरातून निघालेली वस्तू खाचरातच परत जाते. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. बांधावर त्याच्या फांद्या पावसाळ्याच्या आरंभी रोवाव्यात. एकदा झाडे झाली की लावणीपूर्वी आठवडाभर आधी गुंठ्याला तीस किलो हिरवा पाला चिखलात तुडवावा. गिरिपुष्प हवेतील नत्र स्वतः घेते, त्यामुळे ऐनाचा टाहळ वाचतो. तिसरे सूत्र दोरीवर, ठरावीक अंतराने दोन-तीन रोपांची लावणी. चौथे सूत्र युरिया-डीएपीच्या गोळ्यांचे. चार चुडांच्या मध्ये पावणेतीन ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचावी. फेकलेला युरिया आमच्या पावसात वाहून जातो, खोचलेली गोळी मुळाशी राहते. गुंठ्यास सव्वासहाशे गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोहून किंचित कमी खत पुरते. हात दुखतात ही तक्रार खरी आहे. म्हणून सर्व शेतात न करता पहिल्या वर्षी एकाच खाचरात करून पाहावे.

कंपोस्टाची शिफारस करताना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंचांगाकडे नव्हे, पाड्याकडे पाहावे. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर किंवा बांधकामावर निघून जातो. पौषात खड्डा भरा असे सांगितले तर भरावयास कोणी नसते. राब टिकून राहिला त्याचे एक कारण हेच आहे. त्याचे मुख्य काम माणसे घरी असताना, होळीनंतर, उरकते. यासाठी खड्डा भाताच्या कापणीनंतर लगेच, गाव सोडण्यापूर्वी भरला पाहिजे. त्यासाठी माल हाताशी असतो. भाद्रपदात टाकळा फुलावर असताना, शेंगा पक्व होण्यापूर्वी, कापून बाजूस रचावा. त्यात बांधावरचे गवत, शेण व थोडी माती थरांनी घालून वर चिखलाने लिंपावे. माणसे होळीला परततात तोवर खत तयार होत आलेले असते. अर्धे कच्चे खत वाफ्यात घालू नये. माझ्या चुकीची पुनरावृत्ती करण्याचे कारण नाही.

उताराच्या बाबतीत एका गोष्टीने परिस्थिती पालटली आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००८ पासून अंमलात आला. ज्यांच्या नावे वनपट्टा झाला आहे, त्यांच्यासाठी ती जमीन आता आज आहे उद्या नाही अशी राहिलेली नाही. पूर्वी बांध घालावयास सांगितले की, “घालू, पण जमीन आमची कुठं?” असे उत्तर मिळे व ते ऐकून आम्हाला गप्प बसावे लागे. आता समपातळीवर दगडी ताल घालणे, तालाच्या वरच्या अंगास गिरिपुष्प व तूर लावणे, नागलीची लावणी उताराला आडवी करणे, यांवर केलेले श्रम मुलांच्या हाती जातील. तालामागे साठलेला गाळ काढून टाकू नये. ती उतारावरची गेलेली माती परत आली, असे समजावे.

राब एका दिवसात सोडा, असे मी कोणास सांगत नाही. चार गुंठ्यांपैकी दोन गुंठे भाजावेत, दोन भाजू नयेत, आणि दोन्हींची रोपे शेजारी-शेजारी लावून पाहावीत. झाडांची तीन वाट्यांत विभागणी करावी. एका वर्षी एकच वाटा छाटावा आणि छाटतानाही शेंडा व वरच्या तिसऱ्या हिश्श्यातील फांद्या राखाव्यात. ज्या बाबांच्या वाफ्यात माझी फजिती झाली, त्यांनी पुढील वर्षी तुसाची राख व मुरलेले खत घालून दोन गुंठे बिनआगीचे केले. रोप राबाच्या रोपाहून आठवडाभर मागे होते, लावणीनंतर फरक दिसेनासा झाला. वांध्याकाठचे पाच ऐन त्यांनी त्या हिवाळ्यात छाटले नाहीत. मागील भेटीत ते त्या झाडांखालचा पातेरा पायाने बाजूला सारून खालची माती दाखवीत होते आणि विचारीत होते की, हा पातेरा गोळा करून खड्ड्यात घातला तर चालेल काय. मी सांगितले, अर्धा घाला, अर्धा तेथेच राहू द्या.