विद्यापीठाच्या बातम्या: फक्त मुलांसाठीच का?

मैत्रिणींनो, मे-जून महिना उजाडला की वर्तमानपत्रांतून ठराविक मजकूर सुरू होतो. अमुक विद्यापीठाचे प्रवेश सुरू, तमुक परीक्षेचं वेळापत्रक जाहीर, अर्ज भरायला आठ दिवसांची मुदतवाढ. मग कधीतरी पदवीदान समारंभाचे फोटो येतात. तुम्हीही हे सारं वाचता. मुलाच्या नाहीतर मुलीच्या उपयोगाचं असेल तर मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवता. अर्जाची शेवटची तारीख घरात सगळ्यांत आधी कुणाला पाठ असते? आईलाच!

पण खरं सांगा, ही बातमी आपल्यासाठीही असू शकते, असं कधी मनात आलं आहे का? आपल्यापैकी कितीजणींची गोष्ट एकाच साच्यातली असते. बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि लग्न ठरलं. माहेरी म्हणाले, ‘पुढचं लग्नानंतर कर.’ सासरी म्हणाले, ‘बघू.’ मग बाळंतपणं झाली, बदल्या झाल्या, घरातली आजारपणं झाली. गुणपत्रिका कपाटात शालूच्या खाली जाऊन पडली ती पडलीच. ‘आता ह्या वयात कसलं शिक्षण!’ हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकतो.

ते वाक्य जरा वेळ बाजूला ठेवू या. घरी राहून पदवीचा अभ्यास आज कसा चालतो, त्याला वेळ किती लागतो, कागद कोणते लागतात आणि हे सगळं संसारात कसं बसवायचं, ते नीट समजून घेऊ. मग करायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

हे दार नवं नाही

सगळ्यांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. संसारी बाई आणि विद्यापीठ ह्यांची गाठ आज-काल पडलेली नाही. १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांच्या हाती आली होती. त्यावरून आपल्याकडच्या मुलींसाठी विद्यापीठ कसं असावं, ह्याचा विचार त्यांनी केला. इंग्रजी विषय ठेवला, पण बाकीचं शिक्षण मातृभाषेतून. अभ्यासक्रमात आरोग्य आणि गृहशास्त्रालाही जागा होती. पदवीचं नाव ठेवलं ‘गृहीतागमा’. ह्या पदवीला सरकारी मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं. तोपर्यंतच्या मुली केवळ शिकायचं म्हणून शिकल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजेच आजचं एस.एन.डी.टी. झालं.

वयाचं म्हणाल, तर अण्णांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले ह्यांचं उदाहरण बघा. ऐन विशीत वैधव्य आलेलं, पदरी मुलगा, आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. पंचविशी उलटल्यावर त्यांनी अक्षरं गिरवली. पुढे हिंगण्याच्या आश्रमाच्या कामाचा मोठा भार उचलला. पन्नाशी जवळ आली असताना, १९१८ मध्ये, त्या इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी निधी जमवायला अमेरिकेच्या वाटेला लागल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले. त्यांच्यापुढे आपल्या अडचणी किती मोठ्या, ते आपणच ठरवावं.

आता शिकवणं कसं चालतं?

रोज कॉलेजात जाणं बहुतेकींना शक्य नसतं. त्यासाठीच मुक्त विद्यापीठं आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (सगळे त्याला ‘इग्नू’ म्हणतात) १९८५ मध्ये निघालं. आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीदवाक्य. कित्येक पुस्तकं मराठीत आहेत, ही आपल्या दृष्टीने मोठीच सोय.

इथली रीत थोडी वेगळी असते. पुस्तकं अशी लिहिलेली असतात, की शिक्षक समोर नसतानाही वाचणाऱ्याला कळावं. प्रत्येक घटकाच्या मध्ये-मध्ये प्रश्न असतात. ते टाळून पुढे जाऊ नका, तेच तुमचे मास्तर. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी एखाद्या कॉलेजातच अभ्यासकेंद्र असतं. तिथे बहुधा रविवारी किंवा सुटीच्या दिवशी संपर्कसत्रं होतात. शिकवणाऱ्याला इथे ‘समंत्रक’ म्हणतात. तो धडा पहिल्यापासून वाचून दाखवत नाही, अडलेलं सोडवून देतो. म्हणून आधी घरी वाचून, न कळलेल्या जागी खूण करून जावं. कोऱ्या मनाने गेलात, तर रविवारची सकाळही गेली आणि हाती काही लागलं नाही, असं व्हायचं.

लिहून द्यायचे गृहपाठ असतात, त्यांना गुण असतात. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत शंभरापैकी तीस टक्के भार गृहपाठांवर आणि सत्तर टक्के परीक्षेवर असतो. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. प्रवेशही दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रासाठी. म्हणजे एकदा पाहुणे आले, लग्नघर निघालं, परीक्षा हुकली, तरी वर्ष बुडत नाही. पुढच्या खेपेला तो पेपर देता येतो.

वेळेचा हिशेब मांडून बघा

घरखर्चाचा हिशेब मांडतो तसाच हाही मांडावा. हल्ली अभ्यास ‘श्रेयांका’त मोजतात. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. वाचन, गृहपाठ, संपर्कसत्र, सगळं धरून. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. रोज एक तास दिला तर चार महिने.

तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक धरले तर झाले ३६०० तास. रोज दोन तास दिले तर १८०० दिवस, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. छाती दडपली ना? पण इग्नूच्या तीन वर्षांच्या बी.ए.ला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळत आली आहे. तीन वर्षांतच पुरं केलं पाहिजे, असा हट्ट संसारी बाईने धरायचं कारण नाही. मूल बालवाडीत जायला लागल्यावर सुरू केलं, तर ते चौथीत जाईपर्यंत आईची पदवी हातात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक सोय केली. पहिलं वर्ष पुरं करून थांबलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात, बँकेतल्या ठेवीसारखे. मात्र लग्नापूर्वी केलेलं जुनं पहिलं वर्ष आपोआप ह्या खात्यात येत नाही. ते धरलं जाईल का, हे प्रवेशापूर्वीच विद्यापीठाला विचारून घ्यावं.

अर्ज भरण्यापूर्वी

एक. नावाचा घोळ आधी सोडवा. बायकांची सगळ्यांत जास्त अडवणूक इथेच होते. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. श्रेयांकांचं खातं आधारशी जोडलेलं असतं, त्यामुळे दोन नावं जुळली नाहीत की गाडी अडते. विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या. नोंदणी केलीच नसेल तर लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी ती करून घ्या. कुठेकुठे राजपत्रात नाव बदलल्याची नोंदही मागतात. अन् माहेरच्या नावानेच पदवी घ्यावीशी वाटली, तर त्यात गैर काही नाही. शाळेत हजेरीला ज्या नावाने ‘हजर’ म्हणत होतो, त्या नावाचं प्रवेशपत्र पुन्हा हातात पडलं की काय वाटतं, ते ज्यांनी अनुभवलं त्यांनाच ठाऊक.

दोन. मान्यता तपासा. गल्लोगल्ली ‘एका वर्षात पदवी’च्या पाट्या लागतात, त्यांना भुलू नका. दूरशिक्षणाने चालणाऱ्या विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग प्रसिद्ध करतं. ती मुलांकडून मोबाईलवर काढून घ्या आणि आपला अभ्यासक्रम तीत आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. परिचारिका, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, कायदा अशा पदव्या दूरशिक्षणाने मिळत नाहीत. कुणी देतो म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी मात्र नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. आयोगाने २०२२ मध्ये तसं पुन्हा स्पष्ट केलं आहे.

तीन. दहावी-बारावीच राहिली असेल तर आधी ती पुरी करा. आपल्या राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून शाळेत न जाता परीक्षेला बसता येतं. त्याची मुदत परीक्षेच्या खूप आधी संपते, म्हणून चौकशी पावसाळ्यातच करावी.

चार. कशासाठी शिकायचं, ते मनाशी स्पष्ट असू द्या. पदवी मिळाली की नोकरी दारात उभी राहते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या वर्गासाठी ३८ वर्षांची मर्यादा आहे. ते डोक्यात असेल तर वर्षं मोजूनच सुरुवात करा. नोकरी नको असेल, तरीही शिकायला हरकत नाही. मुलांना अभ्यास सांगताना आवाजात खात्री येते. बँकेतला कागद आपणच वाचून सही करतो. आणि ‘शिक्षण किती?’ ह्या रकान्यापाशी पेन अडखळत नाही.

आणि घरातलं काय?

खरी परीक्षा इथेच असते, बाई! बाहेरची फक्त तीन तासांची. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या १८७३ मध्ये. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं तेव्हा घरातल्या बायकांनीच किती त्रास दिला, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आता दिवस तितके कठीण नाहीत, पण टोमणे अजून तेच आहेत. त्यांना उत्तर देत बसू नका. सासूबाईंना विश्वासात घ्या. ‘मी शिकणार आहे’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘जूनमध्ये माझी परीक्षा आहे, ते आठ दिवस स्वयंपाकाचं कसं करायचं?’ असं विचारलंत, तर त्याही तुमच्या बाजूच्या होतात. यजमानांना नुसतं ‘चालेल ना?’ विचारून थांबू नका. संपर्कसत्राच्या रविवारी मुलांचं नाश्ता-जेवण त्यांच्याकडे, हे आधीच ठरवून टाका.

अभ्यासाचा तास ठरलेला असावा. सगळे झोपल्यावर बसायचा बेत बहुतेक फसतो. दिवसभराच्या कामाने पाठ दुखत असते, अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात. त्यापेक्षा सकाळी डबे गेल्यानंतरचा, नाहीतर मुलं गृहपाठाला बसतात तो तास धरा. आई शेजारी वही घेऊन बसली की मुलंही आपोआप बसतात. हा फायदा माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो!

आणखी एक. लिहायची सवय आपली सुटलेली असते. वाण्याची यादीसुद्धा हल्ली मोबाईलवर जाते. तीन तास पेपर लिहायचा तर मनगट दुखतं, वेळ पुरत नाही. म्हणून रोज निदान एक पान हाताने लिहावं. गृहपाठ कुणाकडून उतरवून घेऊ नयेत, ते खरं म्हणजे ह्याच सरावासाठी असतात. फीचे पैसे एकदम काढणं जड जात असेल, तर आपल्या नावाचं आवर्ती ठेवीचं खातं उघडून दरमहा थोडे-थोडे साठवावेत.

पदवी नको, पण ऐकायला आवडेल?

ज्यांना परीक्षा नकोच वाटते, त्यांनाही विद्यापीठ परकं नाही. बहिःशाल शिक्षण मंडळ हे नाव ऐकलं आहे ना? विद्यापीठाच्या भिंतीबाहेरच्या माणसांसाठी शिक्षण, असा त्याचा अर्थ. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर ह्यांच्या नावाने व्याख्यानमाला होते, ती गावोगावच्या कॉलेजांतून भरते. व्याख्यानं मराठीतून असतात. जवळच्या कॉलेजात फलक लागला की दोघी-तिघी मिळून जाऊन बसा. सवय झाली की कॉलेजची पायरी चढताना छातीत धडधडत नाही. घरबसल्या शिकायचं असेल, तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘स्वयम्’वरचे कितीतरी पाठ फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असली तरच फी.

तेव्हा मैत्रिणींनो, ह्या आठवड्यात एकच काम करा. बाजारात जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून जवळच्या अभ्यासकेंद्रावर जा आणि माहितीपुस्तिका मागून घ्या. ‘कुणासाठी हवी?’ असं खिडकीतल्या माणसाने विचारलं, तर मुलीचं नाव सांगू नका. ‘माझ्यासाठी’ म्हणा. पहिला धडा तोच आहे.