गप्प बसणाऱ्या शाळेलाही शिक्षा आहे

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोकांनी रुळांवर उतरून कित्येक तास लोकल रोखल्या. शाळेत दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार झाला होता, आणि गुन्हा नोंदवण्यासाठीही पालकांना ताटकळावं लागलं होतं.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा अशी खबर देण्याबाबत स्पष्ट आहे. अत्याचार कळताच पोलिसांना खबर देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेची अब्रू जाईल’ ही सबब चालत नाही, चालूही नये!

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. पोरं खाकीला बिचकतात, हे कायद्याने ओळखलं आहे. पालकांना मात्र हे क्वचितच कुणी सांगतं. मदतीसाठी १०९८ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू असतो.