नवरा गेला, वाटा गेलेला नाही!

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवा भगिनीच्या हस्ते झाले. व्यासपीठावर विधवेचा सन्मान झाला, याचा आम्हाला आनंदच आहे. पण याच जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, वणीच्या बाजारपेठेत नवऱ्याच्या दुकानाचा किंवा दवाखान्याचा हिशेब मागणाऱ्या विधवेला काय ऐकावे लागते? "बाई, परवाना त्यांच्या नावाचा होता. ते गेले, विषय संपला." जलदान विधी आटोपतो न आटोपतो तोच भागीदार किंवा दीर कागद पुढे करतो. शोकात बुडालेली बाई सही करते. तो कागद असतो हक्कसोडपत्राचा!

येथे दोन गोष्टींची मुद्दाम सरमिसळ केली जाते. डॉक्टरची नोंदणी, वकिलाची सनद ही व्यक्तीची असते. ती वारसाला मिळत नाही, हे खरे. पण दवाखान्यातील उपकरणे, दुकानातील माल, येणे बाकी, जागेची अनामत रक्कम आणि धंद्याचा नावलौकिक ही मालमत्ता आहे. ती वारसांकडेच जाते. औषध दुकानाचे उदाहरण घ्या. पत्नी स्वतः फार्मासिस्ट नसली तरी नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमून, आपल्या नावे नवा परवाना घेऊन ती दुकान चालवू शकते.

धंदा भागीदारीत असेल तर १९३२ चा भागीदारी कायदा पाहावा. करारात वेगळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते आणि हिशेब द्यावा लागतो. उरलेल्या भागीदाराने हिशेब न करताच धंदा पुढे रेटला, तर कलम ३७ नुसार मृताच्या वारसांना त्याच्या हिश्श्यावरील नफा किंवा सालिना सहा टक्के व्याज, यांपैकी एक निवडता येते. मात्र विसर्जित भागीदारीच्या हिशेबाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. "पुढच्या दिवाळीला बघू" असे म्हणणारा भागीदार ही तीन वर्षेच मोजत असतो!

आपण बौद्ध, मग आपल्याला कायदा कोणता? १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. त्याच्या नावाची चीड येते, पण कलम २ नुसार तो बौद्धांनाही लागू आहे. पतीने मृत्युपत्र केले नसेल तर पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस. मागे पत्नी, आई व दोन मुले असतील तर प्रत्येकाला चौथा हिस्सा. या सर्वांच्या हयातीत दिराला काहीही नाही. बँक खात्यावर दीर नॉमिनी असला तरी तो पैसे फक्त स्वीकारू शकतो, त्यांचा मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. कर्जाची भीती घालणारेही भेटतील. पतीच्या कर्जासाठी वारस जबाबदार असतो तो मिळालेल्या मालमत्तेपुरताच. बाईने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कोणत्याही कागदावर घाईने सही करू नका. भागीदारीचा करार, खातेवही, मालाची यादी, बँकेचे उतारे यांच्या प्रती ताब्यात घ्या. लेखी हिशेब मागा. येणे वसूल करायला उत्तराधिकार प्रमाणपत्र लागले तर दिवाणी न्यायालयात अर्ज करा.

१९३७ च्या कायद्याने विधवेला वाटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता. स्त्रीला पूर्ण मालकी मिळावी म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या कायद्याने ती मालकी दिली. जयंतीला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या दिराने आणि भागीदाराने हे लक्षात ठेवावे. वहिनीचा वाटा बुडवणारा हात बाबासाहेबांना अभिवादन कसे करू शकतो?