स्वर्गात सिंहासने किती?

उपासनेत विश्वासांगीकार म्हणताना एका वाक्यावरून आपण सगळेच भरभर पुढे सरकतो: ख्रिस्त स्वर्गात गेला आणि पित्याच्या उजवीकडे बसला आहे. मग एखाद्या बायबल अभ्यासवर्गात कोणीतरी तिथेच थांबतो आणि विचारतो, स्वर्गात गेल्यावर आपल्याला सिंहासने किती दिसणार? पिता एका आसनावर आणि पुत्र त्याच्या उजवीकडे, म्हणजे दोन झाली. पवित्र आत्म्याचे तिसरे कुठे आहे? की त्याला आसनच नाही? प्रश्न भाबडा वाटला तरी तो रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना चर्चने शतकानुशतके वाद घातले, प्रसंगी मैत्र्याही तुटल्या. या प्रश्नाभोवती जमलेले गैरसमज एकेक करून बाजूला केले, तर खाली जे सापडते ते आसनांच्या हिशेबापेक्षा फार मोलाचे आहे.

सर्वांत जुना गैरसमज असा की वर आकाशात कुठेतरी एक भव्य आसन आहे आणि त्यावर मानवी देहाचा, पांढऱ्या दाढीचा देव बसला आहे. ही समजूत अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. इजिप्तच्या वाळवंटात आयुष्यभर प्रार्थना करणारे संन्यासीही तिच्यात अडकले होते. इ. स. 399 मध्ये अलेक्झांड्रियाचे बिशप थिओफिलस यांनी ईस्टरची तारीख कळवणाऱ्या वार्षिक पत्रात, देवाला शरीर किंवा मानवी रूप नाही, असे ठामपणे लिहिले. हे पत्र स्केटिसच्या मठांत पोहोचले तेव्हा मोठी खळबळ उडाली. तिथे असलेल्या योहान कॅसियन यांनी सेरापियन नावाच्या एका वृद्ध साधूची हकीकत लिहून ठेवली आहे. पुष्कळ समजावल्यावर सेरापियनला चूक पटली. सगळे आनंदाने प्रार्थनेला उभे राहिले, आणि म्हातारा एकदम जमिनीवर कोसळून रडू लागला. आपला देव आपल्यापासून हिरावून नेला, आता मी कोणाला धरू, कोणाला नमन करू, हे त्याला कळेना. बायबलमधले दृश्य शब्दशः घेणाऱ्याला दुरुस्त करायला निघालेल्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते. नुसते चित्र काढून घेतले आणि त्या जागी काही ठेवले नाही, तर माणूस पोरका होतो.

वस्तुस्थिती अशी की खुद्द बायबलच हे आसन कुठल्याही खोलीत मावू देत नाही. यरुशलेमचे मंदिर बांधून झाल्यावर त्याच्या समर्पणाच्या प्रार्थनेत शलमोन म्हणतो की तू स्वर्गातच काय, स्वर्गांच्या स्वर्गातही मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घराची काय कथा. यशयाच्या शेवटच्या अध्यायात आकाश हेच देवाचे सिंहासन आणि पृथ्वी हे त्याचे पादासन आहे. येशूने डोंगरावरील प्रवचनात तेच सांगितले, स्तेफनाने मरणापूर्वीच्या भाषणात तेच उद्धृत केले. आणि सिंहासनाचे दर्शन झालेले संदेष्टे सर्वांत जपून बोलतात. यशया प्रभूच्या झग्याच्या घोळापर्यंत येऊन थांबतो: त्या घोळानेच मंदिर भरून गेले होते. पात्म बेटावरच्या योहानाला यास्फे आणि सार्दिस रत्नांची झळाळी दिसते, पाचूसारखे मेघधनुष्य दिसते, विजा दिसतात. बसलेल्याचा चेहरा तो कुठेच वर्णन करत नाही. पांढरे केस येतात ते दानीएलाच्या सातव्या अध्यायातल्या पुराणपुरुषाच्या स्वप्नातून. पुढे पाश्चात्त्य चित्रकारांनी ते उचलले आणि तेच रूप आपल्या कॅलेंडरांपर्यंत आले. मॉस्कोच्या 1666–67 च्या धर्मसभेने पित्याचे असे चित्र काढायला मनाई केली होती, तरी चित्रे निघतच राहिली.

याउलट टोकाचा गैरसमज सुशिक्षितांत जास्त आढळतो: सिंहासन म्हणजे निव्वळ कविकल्पना, तिच्यात पाहण्यासारखे काही नाही. या मंडळींनी यहेज्केलाचा पहिला अध्याय सावकाश वाचावा.

ख्रिस्तपूर्व 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याच्यासोबत हजारो लोकांना कैद करून नेले. त्यांत यहेज्केल नावाचा एक याजक होता. याजकाचे सारे जगणे यरुशलेमच्या मंदिराशी बांधलेले. तिथल्या कराराच्या कोशाच्या झाकणावर दोन सोन्याचे पंखधारी करूब होते आणि परमेश्वर त्या करूबांवर आसनस्थ आहे, ही इस्राएलची श्रद्धा. आता हा माणूस शेकडो मैल दूर, खबार नदीच्या काठी, परक्यांच्या मुलखात. मंदिर नाही, वेदी नाही, याजकपणाला अर्थ उरलेला नाही. बंदिवासाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व 593 च्या सुमारास, त्याला उत्तरेकडून वादळ येताना दिसते. त्यात माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशा चार मुखांचे चार प्राणी आहेत. त्यांच्याजवळ चाकात चाक बसवलेली, डोळ्यांनी भरलेली चाके आहेत. वर स्फटिकासारखा विस्तार आणि त्यावर नीलमण्यासारखे सिंहासन आहे.

त्या सिंहासनाला चाके आहेत, ही या अध्यायातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. देव यरुशलेमच्या गाभाऱ्यात बसून राहिला आणि आपण इकडे टाकले गेलो, असे मानणाऱ्या कैद्यांना ते आसन कैद्यांच्या छावणीत येताना दिसते. पुढे आठव्या ते अकराव्या अध्यायांत परमेश्वराचे तेज मंदिर सोडून जाताना यहेज्केल पाहतो: आधी उंबरठ्यावर, मग पूर्वेच्या दाराशी, मग शहराबाहेरच्या डोंगरावर. काही वर्षांतच मंदिर जळाले, पण सिंहासन जळाले नाही, कारण ते त्या इमारतीत अडकलेलेच नव्हते. याला कविकल्पना म्हणून सोडून देणे म्हणजे त्या नदीकाठच्या माणसांचे दुःखच न समजणे होय. आणि तरीही यहेज्केल किती सांभाळून लिहितो ते पाहा. प्रत्येक वस्तूला तो ‘सारखे’, ‘जणू’ जोडत जातो आणि शेवटीही देव पाहिला असे म्हणत नाही. परमेश्वराच्या तेजाच्या प्रतिरूपाचे दर्शन झाले, एवढेच म्हणतो. यहुदी गुरूंना या अध्यायाचा एवढा धाक होता की, शिष्य स्वतः शहाणा आणि समजणारा नसेल तर एकट्यालाही तो शिकवू नये, असा नियम मिश्ना या त्यांच्या नियमसंग्रहात आहे.

आता उजव्या हाताकडे वळू. ‘उजवीकडे बसला’ म्हणजे पुत्राला शेजारचे, दुय्यम आसन मिळाले, हा गैरसमज चौथ्या शतकात चांगलाच जोरात होता. पुत्र पित्याहून कमी दर्जाचा आहे असे म्हणणारे लोक हेच वाक्य पुढे करत. कैसरियाचे बिशप बासिल यांनी इ. स. 375 च्या सुमारास पवित्र आत्म्यावरील आपल्या ग्रंथात त्याला उत्तर दिले: उजवी बाजू ही खालची जागा नाही, ती बरोबरीच्या मानाची खूण आहे. जुन्या करारातल्या दरबारातही याचा दाखला आहे. राजा शलमोन आपली आई बथशेबा आली तेव्हा उठून तिला नमन करतो आणि तिच्यासाठी आपल्या उजवीकडे आसन मांडायला लावतो. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने प्रश्नच मुळापासून उलगडला: ज्याला सीमा नाही त्याला जागेने बांधलेला उजवा हात कसा असेल? उजवा हात म्हणजे देवत्वाचे तेज आणि मान, आणि त्यात पुत्र आता आपल्या मानवी देहासह सहभागी आहे.

एवढे स्पष्ट असूनही सोळाव्या शतकात याच वाक्यावरून प्रोटेस्टंट चळवळ दुभंगली. स्विस सुधारक झ्विंग्ली म्हणत, ख्रिस्ताचे शरीर पित्याच्या उजवीकडे स्वर्गात आहे, तेव्हा ते प्रभुभोजनाच्या भाकरीत असू शकत नाही. मार्टिन ल्यूथर यांना हे मुळीच पटले नाही. सोनेरी आसन आणि त्याशेजारी मुकुट घातलेला ख्रिस्त, ही चित्रकारांची कल्पना तुम्ही धर्मशास्त्रात आणता आहात, अशा आशयाचे त्यांनी 1527 मध्ये लिहिले. देवाचा उजवा हात म्हणजे त्याचे सामर्थ्य, आणि ते सर्वत्र आहे, असे त्यांचे म्हणणे. 1529 मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात दोघे समोरासमोर बसले. बहुतेक सर्व मुद्द्यांवर एकमत झाले, या एकावर नाही, आणि ते वेगळे झाले. या वादात ल्यूथर यांचा शेवटचा निष्कर्ष मान्य न करणारी चर्चेस आजही आहेत. पण सिंहासनाकडे फर्निचर म्हणून पाहू नका, हा त्यांचा इशारा आपण सर्वांनीच घ्यावा.

स्तेफनाची गोष्ट इथेच येते. त्याच्यावर दगड पडायच्या आधी त्याला येशू देवाच्या उजवीकडे उभा दिसला. मग बसलेला की उभा? बायबलमध्ये विसंगती सापडली म्हणून काही जण खूश होतात. बसणे हा न्यायाधीशाचा आणि उभे राहणे हा मदतीला धावणाऱ्याचा पवित्रा, असा अर्थ सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी सांगितला आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो.

आता मूळ प्रश्न: एक, दोन की तीन? पात्मच्या योहानाच्या प्रकटीकरणात ‘राजासन’ हा शब्द चाळीसहून अधिक वेळा येतो, आणि तिथे आसने पुष्कळ आहेत. चोवीस वडिलांची चोवीस आहेत, न्याय करणाऱ्यांचीही आहेत. पण देवाचे राजासन एकच आहे. शेवटच्या अध्यायात ते ‘देवाचे व कोकऱ्याचे’, म्हणजे पित्याचे व ख्रिस्ताचे, आहे. नावे दोन, आसन एक, आणि लगेच पुढे दास ‘त्याची’ सेवा करतील असे एकवचन येते. आत्म्याला बसवलेले नाही, पण तो गैरहजरही नाही. राजासनासमोर सात दीप जळतात. कोकऱ्याला सात डोळे आहेत. दोन्ही म्हणजे देवाचे सात आत्मे, असे योहान सांगतो, आणि परंपरेने त्यांत पवित्र आत्म्याची पूर्णता पाहिली आहे. डोळ्यांविषयी तर ते सर्व पृथ्वीवर पाठवलेले आहेत असे लिहिले आहे. त्याच राजासनातून जीवनाच्या पाण्याची नदी निघते. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी या नदीतच पवित्र आत्मा ओळखला. तेव्हा तीन देवांच्या तीन खुर्च्या शोधणाऱ्याला प्रकटीकरणात काही सापडणार नाही. दर्जाची उतरंड शोधणाऱ्यालाही नाही.

या दर्शनातला खरा धक्का मात्र पाचव्या अध्यायात आहे, आणि त्यासाठी त्या काळचे राजकारण डोळ्यांसमोर हवे. इ. स. 63 मध्ये आर्मेनियाचा राजा तिरिदातेस रोमन छावणीत आला. तिथे एका आसनावर सम्राट नीरोची प्रतिमा ठेवली होती. तिरिदातेसने डोक्यावरचा मुकुट काढला आणि त्या प्रतिमेच्या पायाशी ठेवला. तीन वर्षांनी रोममध्ये नीरोच्या हातून तो त्याला परत मिळाला. रोमचे साम्राज्य असे चालत असे. बहुतेक अभ्यासकांच्या मते प्रकटीकरण पहिल्या शतकाच्या अखेरीस, डोमिशियनच्या राजवटीत लिहिले गेले. त्यात चोवीस वडील आपले मुकुट काढून टाकतात, पण कोणा सीझरसमोर नव्हे. मग मोहोरबंद गुंडाळी उघडायला कोणीच योग्य सापडत नाही आणि योहान रडू लागतो. यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे, असे त्याला सांगण्यात येते. तो वळून पाहतो तर राजासनाच्या मध्यभागी, वधलेला असावा असा दिसणारा कोकरा उभा आहे. ज्या साम्राज्याने त्याला क्रुसावर मारले, त्याच साम्राज्याच्या प्रजेला सांगितले जात होते की जगाची सत्ता त्या जखमी हातांत आहे. रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये, पाचव्या शतकातल्या मोझेइकमध्ये, कमानीच्या माथ्यावर एक सिंहासन आहे. त्यावर माणूस बसलेला नाही, क्रूस ठेवला आहे. धर्मशास्त्रज्ञांच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा त्या कारागिराने हे नेमके सांगितले, असे मी मानतो.

दोन किरकोळ गैरसमज जाता जाता. सिंहासनाभोवती पंखवाली गुबगुबीत बाळे उडत नाहीत. ती युरोपीय प्रबोधनकाळातल्या चित्रकारांची देणगी आहे. यशयाचे सराफीम सहा पंखांचे आहेत आणि त्यांच्या आवाजाने दाराच्या चौकटी हादरतात. आणि प्रकटीकरणात उल्लेखलेले पर्गम शहरातले ‘सैतानाचे आसन’ म्हणजे आज बर्लिनच्या संग्रहालयात असलेली ग्रीक वेदीच, हे सिद्ध झालेले नाही. वचनात कोणत्याही इमारतीचे नाव नाही. तिथे ख्रिस्तपूर्व 29 पासून सम्राटपूजेचे मंदिरही होते, आणि अनेक अभ्यासक रोख त्याकडे मानतात.

एक गैरसमज मात्र किरकोळ नाही, कारण तो माणसांना प्रार्थनेपासून दूर ठेवतो: सिंहासन म्हणजे फक्त न्याय आणि शिक्षा. मोठे पांढरे राजासन प्रकटीकरणात आहे, ते लपवायचे कारण नाही. पण इब्री लोकांस पत्र त्याच आसनाला कृपेचे राजासन म्हणते आणि तिथे धैर्याने यायला सांगते. कारणही देते: तिथे असलेल्या महायाजकाची आपल्यासारखीच सर्व बाबतींत परीक्षा झालेली आहे. आणि लावदिकीयाच्या कोमट, स्वतःवर खूश असलेल्या मंडळीला, साती मंडळ्यांत सर्वांत कडक बोलणी बसलेल्या मंडळीला, येशू वचन देतो की जो विजय मिळवील त्याला मी माझ्या राजासनावर माझ्याबरोबर बसू देईन. चर्चने याचा अर्थ माणूस देवाच्या बरोबरीचा होतो असा कधीच घेतला नाही. निर्मिलेला निर्मिलेलाच राहतो. पण ख्रिस्ताच्या राज्यात त्याला वाटा मिळतो, आणि तो वाटा द्यायचा तर राजासनाला लांबी-रुंदी असण्याची गरज पडत नाही.